गोणीसाठी खोली

आमचे हसूकाका तांदळाच्या गोणीसाठी हॉटेलात खोली मागतात. नुसती मागत नाहीत, गोणीला सोबत घेऊन जातात.

अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात मी हे पहिल्यांदा पाहिलं. चाकांच्या खुर्चीत गोणी ताठ बसलेली, कमरेला पट्टा, ऊन लागू नये म्हणून वर ओला टॉवेल. मागून काका खुर्ची ढकलत होते आणि "पेशंट हाय, पेशंट" म्हणत गर्दी बाजूला करत होते. एका रिक्षावाल्यानं रिक्षा मागे घेतली आणि गोणीलाच विचारलं, आता कसं वाटतंय.

मी पाठोपाठ गेले. एका लॉजच्या काउंटरवर काकांनी दोन माणसांची खोली मागितली. मॅनेजरनं दुसरं माणूस कोण ते विचारलं. काकांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मॅनेजरनं मान उंच करून पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, आधार कार्ड लागेल.

"देतो," काका म्हणाले. "आधी तिला आत तं येव द्या."

ती आत येऊ शकली नाही. दारात पायरी होती.

"एकच तर पायरी आहे, साहेब." हे वाक्य त्यानंतर मी बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत प्रत्येक हॉटेलात ऐकलं. जणू पायऱ्या घाऊक घेतल्या तरच त्रास होतो. ज्याला एक पायरी चढता येत नाही, त्याच्यासाठी ती भिंत असते, आणि ही भिंत बांधणारा माणूस बोर्डावर मात्र 'सर्व सोयींनी युक्त' असं लिहितो. 'सर्व' या शब्दात कोण कोण बसतं ते त्याला कुणी विचारत नाही. काका विचारायचे. गोणीला घेऊन विचारायचे.

हसुराम भोईर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पालेगावात जिथे त्यांचं भाताचं शेत होतं तिथेच आमची इमारत उभी आहे. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट दिले आणि लिफ्टचा शब्द दिला. लिफ्टचा खड्डा तयार आहे. पावसाळ्यात त्यात बेडूक असतात. काकांचं नाव हसू असलं तरी त्यांना हसताना पाहिलेलं माणूस आमच्या इमारतीत नाही. सगळी नोकरी कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात गेली, त्यामुळे 'चालेल' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. शेजाऱ्यांच्या पूजेचा नारळसुद्धा ते हलवून, वाजवून, कानाला लावून नापास करतात. "तपासल्याबिगर पास नाय" हे त्यांचं ब्रीद. रेश्माला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला आलेल्या मुलाला त्यांनी जिना चढायला लावला आणि वर आल्यावर त्याची नाडी पाहिली होती. मुलगा पास झाला. लग्न ठरलं. आणि तिथूनच गोणीचं प्रकरण सुरू झालं.

भोईरांकडे लग्न भटजी लावत असले तरी ते सुरू करते धवलारीण. हळदीपासून प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई. ती गात नाही तोवर कशालाच सुरुवात होत नाही. काकांची थोरली बहीण जनाबाय ही धवलारीण. पेणकडच्या खारेपाटात दिलेली. भावकीतली कित्येक लग्नं तिच्या आवाजानं लागली. मग एक दिवस तिचं कमरेखालचं अंग गेलं. आवाज राहिला, पाय गेले. घरातल्या घरात चाकाच्या खुर्चीवर फिरते, पण गेल्या काही वर्षांत ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. रेश्माच्या लग्नालाही तिनं नाही म्हणून कळवलं. बोलावणं करायला काका स्वतः गेले, तेव्हा म्हणाली की येईन, पण एका अटीवर. मला कुणी उचलायचं नाही. दारात नाही, गाडीत नाही, न्हाणीघरात नाही, कुठेच नाही.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे हॉटेल हवं. रेश्मानं सांगून टाकलं होतं की आत्याचे धवले नसतील तर मी हळदीला बसणार नाही, मग बाबांनी काय करायचं ते करावं. आणि बाबांनी गोणी घेतली.

गोणी ही पहिली निवड नव्हती. आधी त्यांनी मंदाकाकूंना, स्वतःच्या बायकोला, खुर्चीत बसवून एका हॉटेलात नेलं. उतारावर खुर्ची कलली, काकू अर्ध्या बाहेर आल्या. मॅनेजर धावत आला, लागलं का म्हणाला. काकू म्हणाल्या, छे हो, काही नाही, आणि वर हॉटेलच्या पडद्यांचं कौतुक केलं. काकांनी हॉटेल आणि बायको दोघांनाही नापास केलं.

"मानूस भिडस्त आसतं," त्यांनी मला समजावलं. "पडलं तरी बोलतं काय नाय झालं. गोनी भिडस्त नाय. पडायची तिथं पडते."

मीही सोबत जायला लागले. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची, त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जातो. मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. काकांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चांगलं हाय. पन पत्रक पायऱ्या चढतं, पोरी. बाय नाय चढत."

मग आम्ही तिघं फिरलो. काका, मी आणि गोणी.

शिरगावच्या एका नव्या हॉटेलात खरोखरच रॅम्प होता. तो इतका उभा होता की गोणी अर्ध्यावरून सुटली, रस्ता ओलांडून समोरच्या केशकर्तनालयात शिरली आणि आरशासमोर जाऊन थांबली. न्हाव्यानं शांतपणे विचारलं, नंबर आहे का. दुसऱ्या एका हॉटेलात रॅम्प मागच्या बाजूला होता, स्वयंपाकघरातून. मॅनेजर अभिमानानं म्हणाला, सिलिंडर, बटाटे, सगळं इथूनच येतं. तिसऱ्या ठिकाणी लिफ्ट होती, पण तिच्यात लिफ्टमनचं स्टूल होतं. स्टूल बाहेर काढलं तर खुर्ची मावत होती. लिफ्टमन म्हणाला, स्टूल काढायला शेठची परवानगी लागते. शेठ दुबईला होता. चौथ्या ठिकाणी तर अपंगांसाठी खास खोली होती, रुंद दार, भिंतीला धरायला दांडे, सगळं उत्तम. ती दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. इतकी छान खोली वर का, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. उत्तर आलं, खाली ठेवली तर कुणीही वापरतं.

काका चिडत नव्हते. ते फक्त "नापास" म्हणायचे, गोणीचा पट्टा नीट करायचे आणि पुढे निघायचे. लोक हसायचे. पोरं मोबाइलवर चित्रण करायची. कुणीतरी 'गोणीबाबा' असं नावही पाडलं. एवढा ताठ माणूस, लग्नाच्या यजमानपदाला आलेला, भावकीत ज्याचा शब्द चालतो, तो भर बाजारात हे हसणं अंगावर का घेत होता, ते मला कळत नव्हतं.

शेवटी उल्हासनगरला किशनभाई भेटले. त्यांचं हॉटेल स्टेशनपासून जरा आत, तळमजल्यावर खोल्या असलेलं. त्यांनी गोणीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"साईं, ये चावल है के सवारी है?"

"सवारी."

"बासमती?"

"वाडा कोलम."

किशनभाईंनी मान डोलावली, म्हणजे प्रवासी घरंदाज आहे. मग त्यांच्या दारात गोणी पडली. दुसरा कुणी असता तर एकच पायरी म्हणाला असता. किशनभाई धंदेवाले होते, त्यांना आपला माल नापास झालेला सहन झाला नाही. संध्याकाळी फर्निचर बाजारातून सुतार आला, त्याच्या मागे लोखंडवाला. उतार बदलला, न्हाणीघराचं दार रुंद झालं, पलंगाचे पाय कापले गेले. काका रोज गोणी घेऊन यायचे आणि रोज काहीतरी काढायचे. किशनभाई हात जोडायचे, "बाबा, ये चावल पास कब होगा?" पास झाल्यावरही काकांचं समाधान होईना. वस्तू वापरल्याशिवाय कळत नाही म्हणून त्यांनी रीतसर खोली घेतली, एक रात्र राहिले आणि खोली दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून गोणी तिथेच मुक्कामाला ठेवून आले. सफाईवाली मावशी रोज गोणीला नवा टॉवेल द्यायची. काकांना म्हणाली, असं शांत गिऱ्हाईक पुन्हा मिळायचं नाही.

लग्नाआधी मी मंदाकाकूंबरोबर लाडू वळत बसले होते. मी सहज म्हटलं, काकांनी सुटकेसही ठेवली असती तरी चाललं असतं, गोणीच का. काकूंचा हात थांबला. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. पुतण्याच्या लग्नात जनाबायला स्टेजवर न्यायचं होतं. चौघांनी खुर्चीसकट उचललं. खुर्ची कलली, बायचा पदर गेला, ती नको नको म्हणत होती. मांडव हसत होता. आणि पुढच्या बाजूला धरलेला माणूस जोरात ओरडला होता, "उचला रं गोनी." त्यावर सगळे आणखी हसले. त्या दिवशी बायनं एकही धवला म्हटला नाही.

"पुढं धरलेला कोण होता?" मी विचारलं.

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे काका पत्रिकांवर हळदकुंकू लावत बसले होते.

हळदीच्या दिवशी दुपारी पेणहून गाडी आली. गाडीच्या दाराला काकांनी स्वतः फळी लावली, जनाबाय खुर्चीत बसूनच उतरली. बारीक अंगाची, काठापदराचं लुगडं, नाकात नथ. पुतणे-भाचे उत्साहानं बाह्या सरसावून पुढे आले. आत्याला उचलणं हा त्यांच्या लेखी मान देण्याचा प्रकार होता. काका दोन्ही हात पसरून मधे उभे राहिले.

"हात लावाचा नाय कोनी."

ती स्वतःच चाकं फिरवत उतारावरून वर गेली. आणि काउंटरवर अडली. त्या दिवशी तिथे नवी मुलगी होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं की ही खोली रिकामी नाही, गेस्ट आत आहेत, कोलम भोईर. भावकीत एकदम चर्चा सुरू झाली. कोलम म्हणजे कुठला, धाकट्या घरातला की काय, त्याला बोलावलंय का, आणि बोलावलं नसेल तर आला कसा. एक भाचा तर कोलमला समजावून बाहेर काढतो म्हणून निघालाही. किशनभाई आतून धावत आले, "अरे चेकआउट करो उसको."

चेकआउट झालं. सफाईवाल्या मावशीनं खुर्ची ढकलत गोणीला बाहेर आणलं, पट्टा लावलेली, खांद्यावर धुतलेला टॉवेल. अरुंद बोळकांडीत दोन खुर्च्या समोरासमोर आल्या. एकीत गोणी, एकीत जनाबाय.

जनाबायनं गोणी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग भावाकडे न बघता म्हणाली, "ही माज्या खोलीत व्हती?"

"व्हय. तपासाया."

"कुठं पडली?"

"लय ठिकानी पडली, बाय."

"मंग लोका हसली आसतील."

"हसली," काका म्हणाले. "मना हसली."

जनाबाय गोणीची खुर्ची बाजूला होईपर्यंत थांबली आणि मग आत गेली. काका मागून चालू लागले, दाराशी आले आणि तिथेच उभे राहिले. मी, मंदाकाकू, दोन भाचे, सगळे दाराबाहेर. आत न्हाणीघराचं नवं दार हलल्याचा आवाज आला. मग कडी. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या खाली बसवलेली ती कडी पहिल्यांदा अडखळली, पुन्हा सरकली आणि बसली.

मंदाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. पेणच्या घरात इतकी वर्षं सून दार लोटून आत-बाहेर करायची, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

नळ सुरू झाला, बंद झाला. पुन्हा सुरू झाला. मांडवातून फोनावर फोन येत होते. हळद कालवून ठेवली आहे, रेश्मा पाटावर बसली आहे, बायका खोळंबल्या आहेत. एका भाच्यानं दार वाजवायला हात वर केला. काकांनी तो हात धरला आणि हळूच खाली आणला. मग ते भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले, लग्नातले नवे कपडे मळतील याची फिकीर न करता.

"ऱ्हाव दे," ते म्हणाले. "तिला पायजे तवरा येल लागू दे. आज आपून वाट बघू."