मावशीचा ताप, दशांशासकट

जुन्या फार्सातल्या थापा का पकडल्या जातात, हे मी शास्त्रीय पद्धतीनं शोधून काढलं होतं! मद्रासच्या आमच्या मराठी मंडळानं बसवलेल्या तीन अंकी नाटकात एकूण एकेचाळीस थापा आहेत. मी वहीत तक्ताच केला. नायक म्हणतो, "मावशी आजारी आहे," पण ताप किती, ते सांगत नाही. मग पुढच्याच प्रवेशात मावशी ट्रंक घेऊन धडधाकट हजर! निष्कर्ष : थापेला तपशील हवा.

नाटकातली ती मावशी मीच होते. तालमींसाठी तीन दिवस रजा हवी होती. पण प्रयोगशाळेतली माझी नोकरी कायम करायची की नाही, ते त्याच आठवड्यात आमचे साहेब, टी. जी. कृष्णस्वामी, ठरवणार होते. त्यांच्याकडे नाटकासाठी रजा मागणार कोण?

"सर, मावशी आजारी आहे. इथेच, तिरुवल्लिकेणीत असते. ताप एकशे तीन पूर्णांक चार," मी इंग्रजीत सांगितलं.

साहेबांचे डोळे चमकले. "किती वाजता मोजलात?"

"सहा वाजून दहा मिनिटांनी."

"उत्तम! दर चार तासांनी मोजा. आलेख आणून दाखवा!"

तीन दिवस मी इकडे संवाद पाठ करत होते आणि तिकडे नसलेल्या मावशीचा ताप आलेखाच्या कागदावर चढवत-उतरवत होते. शनिवारी सकाळी कागद दिला. साहेब म्हणाले, "काय सुंदर वक्र आहे!"

संध्याकाळी निर्धास्त मनानं ट्रंक उचलून रंगमंचावर गेले. मराठी नाटकाला आमचे तमिळ साहेब कशाला येताहेत?

पहिल्या रांगेत साहेब! शेजारी नऊवारीतल्या एक वृद्ध बाई.

"मावशी, तुम्ही तर अंथरुणाला खिळला होतात ना?" नायक झालेला मानाजी ओरडला.

साहेब खो खो हसले. अगदी योग्य जागी हसले! माझ्या हातातली ट्रंक मानाजीच्या पायावर पडली. त्याच्या किंकाळीला टाळ्या मिळाल्या.

पडदा पडताच साहेब आत आले.

"मावशीस बरें जाहलें काय?"

"सर, तुम्हाला मराठी...?"

"आम्ही तंजावरचे मराठी! इथें आडनांव लावतो कोण? नुसतीं अक्षरें लावायचीं. ह्या माझ्या मातोश्री, राजसबाई."

"सर, माझी नोकरी...?"

"कायम करण्याची सही सकाळींच जाहली. संकट निराळेंच आहे." साहेबांनी आवाज खाली आणला. "नाटकास यायचें म्हणून मी डायरेक्टरांची मीटिंग चुकविली. सांगितलें, सुनीतीबाईंच्या मावशीस पाहण्यास जातों. तुमचा आलेखही दाखविला. ते उद्यां डॉक्टर घेऊन येतात. आतां पाहतों तर मावशीच नाही!"

मी ट्रंकेवर बसले. साहेब खांबाला टेकले.

पदर खोचून राजसबाई माझ्याकडे वळल्या. "भिऊं नको अम्मा, मावशी होऊन मी निजतें. पण कण्हायचें किती, तें आधी लिहून दे!"

दिलं लिहून. दर चार मिनिटांनी एकदा. डॉक्टर जवळ आले, तर दोनदा.