तपासनीसांचं पहिलं लिंबू

"झाड आपल्याबरोबर येणार. विषय संपला!"

तपासनीसांनी हे जाहीर केलं तेव्हा बायको बॅगेची चेन ओढत होती आणि चेन लागावी म्हणून लेक बॅगेवर बसली होती. दोघीही होत्या तशाच थांबल्या.

"कुठलं झाड?" बायकोने विचारलं. खरं तर विचारायची काही गरज नव्हती. त्या घरात झाड म्हणजे एकच, लिंबाचं. बाल्कनीत बाकी जे काही होतं त्याला तपासनीस 'कुंड्या' म्हणत.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतःच्या हाताने लावलं. आठ वर्षं त्याने फक्त काटे दिले. बायकोच्या तीन साड्या फाडल्या, लेकीचा एक दुपट्टा फाडला, पण फूल म्हणून दाखवलं नाही. आणि या वर्षी, कुणाला काही न सांगता, त्याने एक लिंबू धरलं. एकच! पण तपासनीस सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर असे उभे राहायचे, की घरात नातू झाला असता तरी इतके उभे राहिले नसते.

तपासनीस नगरपालिकेच्या भांडारात येणारा माल तपासायचे. झाडू, बादल्या, कुलुपं, खिळे, काहीही. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकाशिवाय कुठे उरलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर दोन शिक्के होते. 'पास'चा शिक्का अजून नवाकोरा दिसायचा आणि 'नापास'ची मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. एकदा त्यांनी झाडूंची अख्खी गाडी परत पाठवली, कारण एका झाडूत ठरल्यापेक्षा अकरा काड्या कमी भरल्या. मोजल्या होत्या त्यांनी!

घरीही तीच तऱ्हा. भाजीवर शेरा, इस्त्रीवर शेरा, लेकीच्या मैत्रिणींवर शेरा. मेव्हण्याने नवं घर घेतलं तेव्हा सगळे पाहुणे घराचं कौतुक करत होते आणि आमचे तपासनीस खिशातून ओळंबा काढून भिंतीला लावून उभे! भिंत अर्धं बोट कललेली निघाली. ते त्यांनी जेवताना सर्वांसमोर सांगितलं. मेव्हण्याने हसून त्यांना आणखी एक पोळी वाढली. पण पुढच्याच महिन्यात तो यांच्या बाल्कनीत उभा राहिला आणि तितक्याच पाहुण्यांसमोर म्हणाला, "दाजी, या झाडाला लिंबू काही लागायचं नाही. आणि लागलंच, तर ते माणसाने तोंडात घालण्यासारखं नसणार!"

तेव्हापासून तपासनीसांच्या मनात ते वाक्य सलत होतं. आता लिंबू आलं होतं आणि येत्या रविवारी मेव्हण्याला जेवायला बोलावलं होतं. त्याच्या ताटात, त्याच्या डोळ्यांदेखत, ते लिंबू कापलं जाणार होतं.

मध्ये ही सहल आली. तीन दिवस समुद्रकाठच्या गावात. बायकोने सहा वर्षं मागे लागून ती ठरवलेली, त्यामुळे रद्द करणं शक्यच नव्हतं.

"शेजारी ठेवू या की झाड," ती म्हणाली.

"शेजारी? ज्या घरात मनीप्लांटसुद्धा मेला, त्या घरात माझं लिंबू?"

बसमध्ये खिडकीची जागा झाडाला मिळाली. शेजारी तपासनीस, आणि बायको नि लेक पार मागच्या बाकावर, जिथे प्रत्येक खड्ड्याला माणूस छताची चौकशी करून येतो. कंडक्टरने कुंडीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

"धक्का लावू नका! फळ धरलंय त्याने!" तपासनीस ओरडले. कंडक्टर परत म्हणून तिकडे फिरकला नाही.

हॉटेल साधंच, दुमजली होतं. मधोमध अंगण आणि अंगणाच्या कडेने कुंड्या. मॅनेजर मऊ आवाजाचा आणि भलताच आदबशीर. त्याने आल्याआल्या सरबत पुढे केलं. तपासनीसांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"लिंबं कधी आणलीत?"

"परवाच्या बाजारातली आहेत, साहेब."

"तरीच! झाडावरून काढून तास झाला की लिंबातला जीव जातो. हे सरबत नाही, हे लिंबाचं प्रेत आहे!"

मॅनेजरने मान खाली घालून माफी मागितली.

पहिला दिवस तपासनीसांनी खोलीतच काढला. लिंबाला प्रवास बाधला असेल तर? बायको आणि लेक मात्र मनसोक्त भटकून आल्या. बायकोची एक पद्धत होती. नव्या गावात गेलं की ती दोन वळणं मुद्दाम चुकायची. तशी चुकत चुकत ती एका जाळी विणणाऱ्या बाईच्या अंगणात पोचली, तिथे तासभर गप्पा मारल्या आणि येताना जाळीची गाठ मारायला शिकून आली. लेकीने सहा मांजरांचे फोटो काढले. दोघी बोलत होत्या, हसत होत्या आणि तपासनीस म्हणत होते, "आवाज कमी! झाड दमलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा संयम संपला.

"अहो, मी सहा वर्षं वाट बघितली ती लिंबाशेजारी बसायला? आज दीपगृह बघायचं आहे. तुम्ही येणार आहात. आणि झाड येणार नाही!"

तिचा असा आवाज तपासनीसांनी वीस वर्षांत दोनदाच ऐकला होता. त्यांनी निमूटपणे कुंडी अंगणातल्या उन्हात, बाकीच्या कुंड्यांच्या ओळीत ठेवली आणि निघताना मॅनेजरला बजावलं, "अकरा वाजता येतो. तीन सरबतं तयार ठेवा. ताज्या लिंबाची! कालच्यासारखं चाललं तर मी लेखी तक्रार करीन!"

"हो साहेब," मॅनेजर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

दीपगृहाच्या दारावर पाटी होती : पायऱ्या १८२. तपासनीस मोजत मोजत चढले. वर पोचल्यावर पहिलं वाक्य समुद्राबद्दल नव्हतं. "एकशे एक्याऐंशी! पाटी खोटी आहे!"

"खालची एक रेतीत गेलीय, साहेब," रखवालदार म्हणाला.

"मग पाटी बदला!"

पण मग वारा आला. तिन्ही बाजूंनी पाणी पसरलेलं, खाली बोटभर होड्या, आणि बायको कठड्याला धरून लहान मुलीसारखी हसत होती. "अहो, ती पिवळी होडी बघा, ती!" तपासनीसांनी पिवळी होडी बघितली. मग निळी बघितली. मग दोघांनी मिळून कालचं जाळीवालीचं घर शोधून काढलं. दहा मिनिटं, निदान दहा मिनिटं, त्यांना लिंबाची आठवण झाली नाही. फार छान वाटलं त्यांना. हे त्यांनी नंतर कधीही कबूल केलं नाही.

सव्वाअकराला ते परत आले आणि अंगणात पाय ठेवताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

अंगणातल्या सगळ्या कुंड्या एकसारख्या लालभडक झाल्या होत्या! माळ्याने सकाळी गेरूचा डबा काढला होता आणि समोर दिसेल ती कुंडी रंगवली होती. वर त्यांची नव्याने मांडणीही केली होती, उंचीप्रमाणे.

"माझं झाड कुठाय?"

"कुठलं, साहेब?" माळ्याने ब्रश झटकत विचारलं.

"लिंबाचं!"

"लिंबाची पाच आहेत."

"तुमची किती होती?"

"मी मोजत नाही साहेब. मी पाणी घालतो."

मोजत नाही! तपासनीसांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. स्वतःच्या ताब्यातला माल न मोजणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. आरडाओरडा ऐकून मॅनेजर धावत आला.

"साहेब, शांत व्हा. तुमच्या झाडाची खूण काय?"

"खूण काय विचारता? त्याला लिंबू आहे! ज्याला लिंबू, ते माझं!"

सगळे मिळून पाचही झाडांभोवती फिरले. फांद्या वर केल्या, पानं बाजूला केली. एकाही झाडाला लिंबू नव्हतं.

मॅनेजर खाकरला. "मग साहेब, तुमच्याच बोलण्याप्रमाणे... यातलं एकही तुमचं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही साहेब. पण हॉटेलच्या कुंड्या पाहुण्यांना नेता येत नाहीत. गेल्या महिन्यात एकांनी उशी नेली."

"मी चोर? मी?" तपासनीसांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. वरच्या कठड्यावर पाहुणे गोळा झाले. एक आजोबा तर खुर्चीच घेऊन आले.

"अहो, हळू," बायको म्हणाली. "झाड काय, दुसरं—"

"दुसरं?" तपासनीसांनी खिशातून वही काढली. त्यात रोजची नोंद होती. उंची एकसष्ट सेंटिमीटर. पानं एकशे त्रेचाळीस. डावीकडच्या तिसऱ्या फांदीवर जोडकाटा. ते गुडघ्यांवर बसले आणि भर अंगणात पानं मोजू लागले.

"एकशे बारा, एकशे तेरा..."

"बाबा, जेवणाच्या आत होईल ना?" लेकीने विचारलं.

"मध्ये बोलू नकोस! एकशे... झालं! परत पहिल्यापासून!"

वरचे आजोबा आता मोठ्याने साथ देऊ लागले होते. तिसऱ्या झाडाशी आकडा एकशे त्रेचाळीसवर थांबला. जोडकाटाही सापडला. वर टाळ्या पडल्या. मॅनेजरने लगेच मान्य केलं, माळ्याने माफी मागितली, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण तपासनीसांचं लक्ष एका देठाकडे गेलं. हिरवा, ओला, कात्रीने नीट कापलेला देठ!

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून आजोबा खुर्चीतून उठले.

"चोरी झालीय! माझं लिंबू चोरलंय! आठ वर्षं! आठ वर्षं मी..." रविवार डोळ्यांसमोर उभा होता, आणि रविवारी समोर बसलेला मेव्हणाही.

मॅनेजरने घाईघाईने खूण केली आणि सकाळी सांगितलेली तीन सरबतं आली. तपासनीसांनी रागाच्या भरात अर्धा ग्लास एका दमात घशाखाली घातला.

"थूः! हे सरबत? सकाळी एवढं सांगूनही हे? तक्रारवही आणा!"

"मला तर बरं लागतंय," बायको हळूच म्हणाली.

"तुला काय कळतंय? आणा वही!"

लिंबाचा चोर हाती लागत नव्हता, निदान सरबत तरी हातात होतं. सगळा संताप त्यांनी वहीत ओतला. अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार. लिहून झाल्यावर त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं : "सरबत तपासले. वापरलेले लिंबू अत्यंत निकृष्ट. रस नाही, वास नाही, बिया मात्र भरपूर. असले लिंबू माणसाने तोंडात घालण्यासारखे नाही. नापास." खाली तारीख, वेळ आणि लांबलचक सही.

"आता आचाऱ्याला बोलवा! कुठल्या बाजारातून असला माल उचलतो, मला बघायचंय!"

आचारी हात पुसत आला.

"बाजारातून नाही आणलं, साहेब," तो म्हणाला. "मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, पाहुणे फार कडक आहेत, झाडावरून काढून तास झालेलं लिंबू त्यांना चालत नाही. मग अंगणात शोधलं. एकच सापडलं. एकाचे तीन ग्लास केले, म्हणून जरा पाणचट झालं असेल. पण ताजं होतं साहेब! दहा पंचावन्नला काढलं, अकराला पिळलं."

तपासनीसांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. तळाशी दोन बिया होत्या. उरलेला अर्धा ग्लास त्यांनी पुन्हा तोंडाला लावला आणि अगदी सावकाश, एक एक घोट करत संपवला.

"तसं... वाईट नाही," ते म्हणाले. मग वहीकडे हात नेला. "जरा द्या इकडे. एक ओळ खोडायची आहे."

"खाडाखोड करता येत नाही, साहेब," मॅनेजर तितक्याच आदबीने म्हणाला. "वहीच्या पहिल्या पानावर छापलंय. आपल्यासारख्यांना आम्ही काय सांगावं!"

तपासनीस कुंडीशेजारी खाली बसले. बायकोला हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं. ती त्यांच्या शेजारी बसली. स्वतःचा ग्लास तिने त्यांच्या पुढे केला.

"रविवारी मी त्याला काय दाखवू?" तपासनीस म्हणाले. "लिंबू आलं होतं, याचा एक पुरावा उरला नाही!"

"आहे की!" लेक म्हणाली. "तक्रारवहीत आहे. तारीख, वेळ, सही, सगळं आहे. फोटो काढून मामाला पाठवलासुद्धा, आणि खाली लिहिलं, 'आपल्या झाडाचं पहिलं लिंबू.'"

"काय केलंस?" तपासनीस ताडकन उठले, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने वाचलं, ओठ दाबून धरले आणि फोन आईकडे दिला. आईने मोठ्याने वाचलं :

"'दाजींच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. त्यांच्या सहीखाली माझीही सही. रविवारी येतोय, लिंबं मीच घेऊन येतो.'"

तपासनीसांनी बराच वेळ समुद्राच्या दिशेने पाहिलं. समुद्र अंगणातून दिसत नव्हता, तरी पाहिलं.

"सांग त्याला," ते शेवटी गुरगुरले, "आणायची तर ताजी आण म्हणावं!"