आचार्यांची प्रतिसृष्टी

विश्वामित्राने प्रतिसृष्टी उभारली, तेव्हा त्याच्या पदरी तपश्चर्येचे बळ होते. आचार्यांच्या पदरी एक संगणक, एक शीतकपाट आणि निवृत्तीपूर्वीचे थोडके महिने, एवढीच सामग्री! तरीही ते प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगत, "ब्रह्मदेवाला सुचले नाही, असे प्रथिन मी घडवले आहे!"

बोलण्यात सुभाषिते पेरण्याच्या सवयीमुळे लोक त्यांना आचार्य म्हणत. आता प्रथिन म्हणजे काय, तर अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती आपलीच एक विशिष्ट घडी घालून बसते, आणि जशी घडी तसा तिचा गुण. जगात कुठेच नसलेली अशी एक माळ आचार्यांनी संगणकावर गुंफली, जिवाणूंकडून करवून घेतली, आणि घडी मनाजोगी पडली की नाही हे पाहण्यासाठी तिचे स्फटिक व्हावेत म्हणून थेंब मांडून ठेवले.

प्रथिनाला त्यांनी दिवंगत पत्नीचे नाव दिले होते. ती माउली जन्मभर म्हणत आली होती, "एवढं घड्यांचं शास्त्र जाणता, पण चादरीच्या कोपऱ्याला कोपरा काही तुमच्याच्याने जुळत नाही!" ती गेल्यापासून तर चादरीचे दुसरे टोक धरायलाच कोणी उरले नव्हते. चादर बोळा होऊन कपाटात जाई. पाकशास्त्रात अंडे उकडणे एवढी एकच विद्या आचार्यांना अवगत असल्यामुळे रोज सांजेला ते एक अंडे खात. समोरच्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग बसलेला असे. तो ढीग स्वभावाने अबोल होता.

आणि एके सकाळी थेंबात स्फटिक लखलखले!

"सर, मीठ तर नाही ना?" विभागप्रमुख बाईंनी शंका काढली. थेंबातले मीठच पुष्कळदा स्फटिक होऊन भल्याभल्यांना चकवते.

"बाई, मीठ आणि मौक्तिक यांतला भेद मला कळतो!"

खरोखरच ते मीठ नव्हते. क्ष-किरणांखाली धरताच पडद्यावर नक्षत्रांसारखे रेखीव ठिपके उमटले. घडी उलगडायची अजून बाकी होती. पण आचार्यांनी तत्काळ दूरच्या शहरातल्या लेकीला फोन लावला.

"अगं, तुझ्या आईच्या नावाचं प्रथिन आहे ना, त्याचे स्फटिक झाले! रोज सकाळी मी त्याच्याशी दोन शब्द बोलत असे, त्याचं चीज झालं!"

"कुणाशी बोलता?"

"प्रथिनाशी."

"आणि... ते काय म्हणतं, बाबा?"

"ऐकून घेतं बिचारं."

"बाबा, मी येते. शुक्रवारी."

आचार्यांना आकाश ठेंगणे झाले! लेक सोहळ्याला येते आहे! पण सोहळा कुठला? ते तडक बाईंकडे गेले.

"बाई, शुक्रवारी माझे व्याख्यान आहे."

"कुणी ठेवलं?"

"आपण ठेवणार आहात!"

बाई भल्या. त्यांनी सभागृह मिळवले, पत्रके लावली. इकडे आचार्य घडी उलगडू लागले, तर त्यांनी योजलेला आकार त्या ठिपक्यांशी जुळेना! चादरीचीच गत! "मूल बापासारखे निघालेच पाहिजे असे कुठे आहे?" असे म्हणत त्यांनी पत्रकावर 'अपूर्व आकार' हे शब्द घालायला लावले.

शुक्रवारी सकाळी, लेक वाटेत असताना, त्यांनी सहज म्हणून तो आकार जगातल्या सर्व ज्ञात प्रथिनांशी ताडून पाहिला. संगणकाने क्षणाचाही विचार केला नाही. कोंबडीचे अंडे!

जिवाणूंच्या भिंती फोडून आतले प्रथिन बाहेर काढण्यासाठी अंड्याच्या पांढऱ्या बलकातले एक प्रथिन त्यांनी स्वहस्ते त्यात घातले होते. वजनाने ते आचार्यांच्या प्रथिनाएवढेच. म्हणून गाळताना वेगळे झाले नाही, आणि स्फटिक होण्याची त्याला भारी हौस! पाहुणाच बोहल्यावर चढला होता, आणि नवरी कोपऱ्यात विरघळून बसली होती!

तोवर लेक दुसऱ्या रांगेत येऊन बसली होती. आचार्य उभे राहिले.

"मित्रहो, हे प्रथिन निसर्गात नाही, असे मी म्हणालो होतो. ते आहे. किंबहुना, काल संध्याकाळी मी ते खाल्ले."

सभागृह असे हसले की बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लेक मात्र हसली नाही.

घरी आल्यावर आचार्य म्हणाले, "तुला उगीच धावायला लावलं. व्याख्यान फुकट गेलं."

"कसलं व्याख्यान? मला वाटलं, तुमचं डोकं फिरलं! प्रथिनाशी बोलतो म्हणालात!"

"मग, फिरलंय का?"

"नाही. कुणी बोलायला नाहीये, एवढंच." तिने खुर्चीवरचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला, कपाटातला चादरीचा बोळा ओढून काढला. "धरा ते टोक. तसं नाही! ताणून धरा! आता माझ्याकडे या."

कोपऱ्याला कोपरा जुळला. आचार्य त्या घडीकडे बघतच राहिले.

मग दोघे अंडी खायला बसले. "मीठ कुठंय?"

"संपलंय."

"कधी?"

"झाले असतील बरेच दिवस."

"काय हे, बाबा! पुढच्या खेपेला मी घेऊन येते."

"पुढच्या खेपेला? म्हणजे आईचं प्रथिन जमलं की?"

"नाही जमलं तरी."

दुसऱ्या दिवशी ती गेली. रजा तेवढीच होती. आचार्यांनी नवे थेंब मांडले, या वेळी अंड्याला दूर ठेवून. खुर्चीवर पुस्तके मात्र पुन्हा चढवली नाहीत.

मीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, हे एवढ्या विद्वान माणसाला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते लेक आणणार होती. तोवर आचार्य अळणी अंडे खात राहिले!