इंजिनावरचा शिरडाक

इंजिनाला थंडी वाजू नये म्हणून बॉनेटखाली काहीतरी जाड पांघरूण घालावं, एवढंच मी डिसेंबरात ठरवलं होतं. आमच्या नारिन गावात पारा उणे पंचवीसला गेला की प्रत्येक शहाणा माणूस तेच करतो. फरक इतकाच, की शहाणी माणसं जुनी गोधडी घालतात. मी घातला शिरडाक! माझ्या सासूबाईंनी आमच्या लग्नात दिलेला; त्यांचं नाव बुरुलचा, आम्ही सगळे त्यांना अपा म्हणतो. मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असलेला तो लोकरीचा नमदा त्यांनी अख्खा हिवाळा बोटांना सुया टोचून घेत शिवला होता. (इंजिनावर मात्र तो बेतून शिवल्यासारखा बसला. मी भूमापन कचेरीत कारकून आहे. मापात माझी चूक होत नाही. बाकी सगळ्यात होते.)

बायकोला, ऐनागुलला, मी सांगितलं होतं की शिरडाक धुवायला दिलाय.

शनिवारी अपांना घाटापलीकडच्या अत-बाशी गावाला न्यायचं होतं. त्यांच्या भावाची नात चालायला लागली होती. अशा वेळी बाळाच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात, मुलं शर्यत लावून धावत येतात आणि जिंकलेला तो कापतो. दोरा बांधायचा मान अपांचा, वेळ बाराची. अपा पोचल्या नाहीत तर पोर जन्मभर ठेचकाळेल, असं घरातल्या सगळ्या बायकांचं ठाम मत होतं.

अपा पुढे बसल्या, ऐनागुल मागे. गाव सुटतंय तोच समोर बॅटरीचा लाल दिवा लागला.

"तो दिवा कसला?" मागून ऐनागुल.

"शोभेचा."

"काल नव्हता."

"थंडीत लागतो."

माझ्याकडे मोबाईलचा एक चार्जर आहे, तो गाडीचे व्होल्टही दाखवतो. चालू गाडीत आकडा चौदाच्या आसपास हवा. होता बारा पूर्णांक तीन. म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत नव्हता आणि बिचारी बॅटरी अंगावरचं मांस खाऊन आम्हाला ओढत होती. अशा वेळी आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघायचा, हे मलाही कळतं. पण पट्टा बॉनेटखाली, आणि बॉनेटखाली शिरडाक. अपांच्या देखत बॉनेट उघडण्यापेक्षा पायी अत-बाशीला गेलेलं बरं.

म्हणून मी बॉनेट न उघडता निदान सुरू केलं. रेडिओ बंद केला. आकडा ढिम्म. हीटर बंद केला. बारा पूर्णांक चार!

"जावईबापू, हीटर का मालवलात?" अपांनी विचारलं.

"थोडी ताजी हवा, अपा."

"ताजी हवा मी सत्तर वर्षं खातेय. मला ऊब द्या."

हीटर पुन्हा चालू. बारा पूर्णांक एक. ॲक्सिलरेटर दाबला तर आकडा वाढायच्या ऐवजी पुढून कुईं-कुईं आवाज यायला लागला.

"कोण रडतंय?" अपा म्हणाल्या.

"वारा."

"वारा मला ओळखू येतो," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

घाटात आकडा अकरावर आला, मग दहावर, मग आकडाच गेला. गाडी एकदा खोकली आणि बसली.

आमच्याकडे घाटात बंद पडलेल्या गाडीपुढून कोणी तसंच निघून जात नाही. एरवी मला याचा अभिमान वाटतो. पाच मिनिटांत तीन गाड्या थांबल्या आणि सात माणसं उतरली. सातही जण अल्टरनेटरचे जाणकार.

"ब्रश झिजले."

"डायोड उडाला."

"जावयाचं डोकं उडालंय," अपा काच खाली करून म्हणाल्या. "बॉनेटवर का बसलाय तो?"

मी खरंच बॉनेटवर बसलो होतो.

"ऊठ भाऊ, उघडू दे," एक धिप्पाड माणूस म्हणाला. त्याचं नाव शेयशेन.

"आत फार गरम आहे."

"उणे विसात?"

शेयशेनने मला काखेत धरून उचललं, रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि बॉनेट उघडलं.

सगळे आत वाकले. शिरडाकाचं एक टोक खाली लोंबून पट्ट्याला लागलं होतं. त्याची लोकर पुलीत गुंडाळली गेली होती, आणि लोकरीच्या चरबीने पट्टा नुसता घसरत होता. अल्टरनेटर फिरत होता तो हवा खायला निघाल्यासारखा. शेयशेनने लोकर कापून काढली, पट्टा पुसून ताणला, स्वतःच्या बॅटरीला वायर लावून गाडी सुरू करून दिली. चौदा पूर्णांक दोन!

पण तो आकडा बघायला मी भानावर कुठे होतो? अपा खाली उतरून, तेलाने माखलेला शिरडाक दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. एकेका शिंगावरून बोट फिरवत होत्या. मला मनापासून लाज वाटली.

"धुवायला दिला होता ना?" ऐनागुलने विचारलं.

"किती वाजले?" एवढंच अपांनी शेयशेनला विचारलं आणि शिरडाक मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. अत-बाशीपर्यंत हीटर भणाणत होता, तरी मी गारठलो होतो.

बाराला पाच कमी असताना पोचलो. मी गाडी बंद केली.

"आता इंजिनाला थंडी वाजेल ना?" अपांनी मला विचारलं.

"वाजेल, अपा."

"मग काढा कोट."

माझा नवा, शुद्ध लोकरीचा कोट त्यांनी स्वतः इंजिनावर पसरला, चारही टोकं नीट आत खोचली, आणि बॉनेट लावलं. मग दात वाजवणाऱ्या माझ्या खांद्यांवर शिरडाक टाकला.

अंगणात दोरा बांधला गेला, मुलं धावली, दोरा कापला गेला. पोरगी दोन पावलं न ठेचकाळता चालली आणि अपांच्या पायांना मिठी मारून हसली. अपाही हसल्या. माझा जीव भांड्यात पडला. शिवाय मटण शिजल्याचा वास येत होता आणि (कोणाला सांगू नका) शिरडाकाची ऊब झकास होती. इतक्यात लांबचे एक म्हातारे नातेवाईक मला न्याहाळत जवळ आले.

"बुरुलचा, हे कोण गं?"

"आमचे जावई," अपा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "थंडीत चालू होत नाहीत, म्हणून पांघरूण घालावं लागतं."