ओल्या युगातील महावणव्याची हकीकत

तळ्याच्या बुडचा चिखल हा काळाचा थोर दफ्तरदार, त्यास स्मरोन ही हकीकत लिहिली ती ऐसी जे, पूर्वी थंड मुलखी ओकवृक्षांची अफाट राने होती, आणि हवा सुकी फिरली की वीज पडोन राने जळत आणि कोळसा तळ्यात बसे. मग ओले युग आले, आणि झाडे शेवाळाची दुलई पांघरोन बसली, आणि वीज येई ती शेवाळावर पाय घसरोन रिकाम्या हाती माघारी जाई. हा इतिहास संशोधिका ताईसाहेब प्रयोगशाळेत चिखलाचे थर धुवोन, ओव्हन नामे भट्टीत सुकवोन, कोळशाचे कण वेचोन सिद्ध करीत होत्या.

तों ओल्या युगाच्या थरात कोळसाच कोळसा निघाला. प्रयोगशाळेचे धनी सरसाहेब यांस हर्षवायू जाहला, आणि फर्मान सुटले की, ओल्या रानी महावणवा पेटला, सारी पुस्तके रद्द समजणे, उद्याच परिषदेत जाहीर करणे, आणि जाहीरनाम्याखाली ताईंचे नाव घालणे. ताईंनी मनी हिशेब केला; वणवा खोटा ठरलिया जगात हसू होईल, आणि सारी मेहनत पुन्हा चिखलात जाईल, जेथून ती काढिली.

मग ताईंनी सूक्ष्मदर्शकावर मोर्चा लाविला. लाकडाचा कोळसा म्हणजे पेशींच्या शिस्तवार पलटणी. हा मात्र फुगीर, भोकाभोकांचा, केवळ बाजारबुणगा. आणि ताईंचे डोक्यात उजेड पडला. सरसाहेबांस पाव काळा होईतो भाजोन खाण्याचा नाद, घरी वहिनीसाहेबांची सक्त मनाई, सबब ते नमुन्यांचेच भट्टीत गुपचूप पाव भाजीत. आणि ओल्या युगाचा चिखल सुकत होता त्या रोजी त्याची ताटली भट्टीत उघडी, आणि भट्टीचा पंखा जोरावर!

तेव्हा ताईंनी एक निरपराध पाव जातीने जाळिला, आणि त्याचा कण भिंगाखाली घातला, आणि हुबेहूब तोच महावणवा दिसला. मग फ्रिज नामे बर्फखान्यात राखिलेला त्याच थराचा उरला भाग नव्याने धुतला, झाकोन सुकविला. कोळसा नावास नाही.

ताई अर्ज करित्या जाहल्या, "सर, रान नाही जळलं. तुमचा नाश्ता जळलाय."

सरसाहेबांनी भिंगात डोळा घालोन दोन्ही कण ताडोन पाहिले. मग हळूच वदले, "घरी सांगू नका हं."

येणेप्रमाणे तह जाहला, वणवा परिषदेपूर्वीच विझला, पाव भट्टीतून हद्दपार जाहला, आणि ओले युग बालंटातून सुटोन पूर्ववत ओले राहिले. फत्ते जाहली. मोहिमेत कामी आला तो एक पाव. त्यास लोणी लावोन उभयतांनी अर्धा अर्धा केला.