नाक्याबाहेरचा मुक्काम

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रामहरीच्या ट्रकचा अ‍ॅक्सल तुटला, तो सोलापूरच्या जकात नाक्यापासून बरोबर वीस पावलांवर. चादरींच्या गाठी भरून सोमवारी सकाळी नऊला तो मुंबईला निघाला होता. नाक्यावर बाहेर गेल्याची पावती फाडली, गिअर टाकला आणि खालून कडाड आवाज आला. नवा अ‍ॅक्सल पुण्याहून यायचा होता. माल सोडून जाता येत नव्हतं. रामहरी तिथंच बसून राहिला.

बुधवारी दुपारी ट्रान्सपोर्ट ऑफिसचे दिवाणजी वीरभद्रप्पा सायकलवरून आले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्याबरोबर आलेला मिस्त्री गाडीखाली शिरला तसा रामहरी म्हणाला, "दिवाणजी, तीन दिसांचा भत्ता द्या की. चोवीस रुपये."

"कसला भत्ता?" वीरभद्रप्पा म्हणाले. "मुंबईला जाऊन आल्यासारखं काय बोलू लागलास? गाव दिसतंय हितनं."

"उद्या माझ्या कारभारनीचं, रंभाचं वर्सश्राद्ध हाय. नव्या पेठेत एक हिरवं पातळ बाजूला ठिवून आलोय, बावीसचं. तिच्या भनीला, बजाबाईला नेसवायचं हाय. सवाष्ण म्हणून. आज न्हाय नेलं तर दुकानदार इकून टाकतोय."

गाडीमालक शेठच्या पैशाला हात लावायचा म्हटलं की वीरभद्रप्पांच्या पोटात कळ यायची. त्यांनी पिशवीतून वही काढली. "नियम वाच. नाक्याबाहेर मुक्काम पडला तर दिवसाला आठ रुपये. तू नाक्यावरच की. म्हणजे आतच."

नाक्यावरचा कारकून सिद्धनाथ खिडकीतून ऐकत होता. तीन दिवसांत त्यालाही दुसरं काम नव्हतं. तो म्हणाला, "गाडी आत आहे म्हणता? मग जकात भरा दिवाणजी. सोमवारी बाहेर गेल्याची पावती दिलीय मी. माल परत आत आला असेल तर साठ गाठींची जकात होईल."

"आत कुठं?" वीरभद्रप्पा घाईने म्हणाले. "बाहेरच आहे गाडी. चांगली वीस पावलं बाहेर आहे."

"मग द्या चोवीस," रामहरी म्हणाला.

वीरभद्रप्पांनी टोपी काढून डोकं पुसलं. रस्त्यापलीकडे पत्र्याच्या घरांची एक रांग होती. तिसरं घर रामहरीचं, हे त्यांना ठाऊक होतं. "दोन्ही रात्री घरी जाऊन झोपला असशील की रे. घरी झोपायचा भत्ता कोण देतंय?"

"घरी न्हाय झोपलो. आन् झोपलो असतो तरी घर बी नाक्याच्या बाहेरच हाय की."

हे रामहरी सहज बोलला. सिद्धनाथ मात्र खिडकीतून अर्धा बाहेर आला. "थांबा, थांबा. नियमात नाक्याबाहेर मुक्काम एवढंच आहे ना? मग हा इतकी वर्षं घरी झोपतोय, तो पण नाक्याबाहेरच मुक्काम झाला. किती साल नोकरी झाली रामहरी?"

"अकरा."

"वर्षाचे दीडशे दिवस घरी धरू. आठ रुपयांनी झाले तेरा हजार दोनशे."

"आठ कुठले? पहिल्यांदा पाचच होते!" वीरभद्रप्पा ओरडले.

"बरं, पाचनं धरा."

"अय्यो, तू गप बस की मारुतीसारखा तुझ्या खिडकीत!" वीरभद्रप्पांनी कानावरची पेन्सिल काढली, जुनी ओळ खोडली आणि वहीत लिहिलं : मुक्काम घराबाहेर पडला तरच भत्ता. "झालं. आता नाका नाही आणि काही नाही. चल, तुझं घर दाखव. अंथरूण बघतो मी."

गाडीकडे सिद्धनाथ बघणार होता. दोघे रस्ता ओलांडून गेले. दाराला कुलूप होतं. रामहरीने किल्ली घातली, पण ती फिरेना. त्याने फुंकर मारली, कुलूप दगडाने ठोकलं. शेवटी तो परत गाडीकडे गेला आणि बोटावर ग्रीस घेऊन आला. दिवाणजी उन्हात उभे होते. शेजारची मायाक्का कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"कुणाला बगाया आलाय?" तिने विचारलं. "रंभा गेल्यापास्नं हितं कोन झोपतंय? ह्यो येतोय, कोंबड्यास्नी दानं आनून देतोय नि जातोय. गाडी गावात असली तरी तुमच्या हापिसाच्या आवारात, गाडीतच पडतोय. मी लई सांगितलं. ऐकतोय व्हय?"

वीरभद्रप्पांनी रामहरीकडे पाहिलं. "खरं का?"

"केबिनमदी झोप लागती," रामहरी म्हणाला. "हितं लागत न्हाय."

वीरभद्रप्पा ओट्यावर बसले. मग त्यांची बोटं हिशोबाला लागली. वर्षभर हा माणूस एक रात्रही घरी झोपला नव्हता. मुक्काम घराबाहेर. ओळ त्यांनी स्वतःच, आत्ताच लिहिली होती. गावातले दीडशे दिवस गुणिले आठ, बाराशे रुपये.

"रामहरी," ते हळूच म्हणाले, "तू मागतोस किती?"

"चोवीस. कवाधरनं तेच सांगायलोय."

वीरभद्रप्पांनी दुसरीही ओळ खोडली. पेन्सिल जिभेला लावून तिसरी लिहिली : रामहरी मागेल तेवढाच द्यावा. याहून स्वस्त नियम त्यांना सापडला नाही. चोवीस रुपये त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजले आणि सायकल पुढे केली. "घेऊन जा. दुकान बंद व्हायच्या आत पोच. तोवर मी बसतो गाडीपाशी."

गुरुवारी बजाबाई आली. ग्रीस लावलेलं कुलूप एका हिसक्यात निघालं. तिने घर झाडलं, चूल पेटवली, पुरणाचा स्वयंपाक केला, हिरवं पातळ नेसून जेवली आणि जाताना भांडी घासून पालथी घातली. सिद्धनाथचं ताट नाक्यावर पोचलं. एक डबा ऑफिसातही गेला.

शुक्रवारी सकाळी गाडी निघायला तयार झाली. वीरभद्रप्पा वही घेऊन हजर होते. डबा धुऊन आणला होता.

"गुरुवारचा धरून चार दिवस लिहू ना रे?" त्यांनी स्वतःहून विचारलं आणि विचारल्यावर पोटाला हात लावला.

रामहरीने गाडी चालू केली. नवा अ‍ॅक्सल कुरकुरला नाही.

"तीनच लिवा," तो म्हणाला. "काल घरी झोपलो."