दाबके डॉक्टरांची दुरुस्ती

चुकलेलं विज्ञान घरोघर जाऊन दुरुस्त करणारा माणूस मी एकच पाहिला. दाबके डॉक्टर. वाकोल्यात आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. औषधाचे डॉक्टर नव्हेत. कुणी जीभ काढून दाखवली की म्हणत, "आत घ्या. मी पेशींचा डॉक्टर." बायकांच्या अंडाशयातला कॅन्सर कशानं वाढतो, ते त्यांच्या प्रयोगशाळेत शोधत.

मी सातवीत शाळा सोडून उस्मानाबादकडून आलेला रिक्षावाला. रिक्षा चालवायचा सरकारी बॅज काढताना ओळख द्यायला इथं माझं कुणी नव्हतं; सही डॉक्टरांनी केली. म्हणून ते बोलतील ते सगळं मी ऐकायचो. उद्या सही मागे घेतली तर, ही धास्तीही होतीच.

रोज सकाळी मागच्या सीटवरून शिकवणी सुरू. "भागवत, पेशीत एक प्रोटीन असतं. वाढ त्याच्या ताब्यात. तुझ्या मुठीतला ऍक्सिलरेटरच समज. पिळलेला राहिला की गाठ वाढत सुटते. सध्या तरी असंच आहे."

'सध्या तरी' हे त्यांचं पालुपद. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, चहात साखर पुरे का विचारलं तरी, "सध्या तरी."

हेच ते वाण्याला सांगत, इस्त्रीवाल्याला सांगत. पारूबाई कोळीण पाटी उतरवून वैतागायची. "ओ डागदर, बोंबील घेनार का जाऊ मी?"

मग वहिनींनाच तो आजार झाला. इस्पितळात मीच न्यायचो. एकदा सीटवर डॉक्टरांच्या डावीकडे बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, तो तुमचा ऍक्सिलरेटर माझ्याच हातून पिळला गेला असेल का? मी उपास फार करते."

वाटलं, आता तरी हा माणूस 'नाही' म्हणेल.

"सध्या तरी माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी त्या दिवसापासून उपास सोडले. पुढं त्या गेल्या.

काही वर्षांनी एका रविवारी डॉक्टर दारोदार निघाले. आजवर तपासलेलं प्रोटीन मुळात बिघडलेलं होतं म्हणे. धड असलेलं प्रोटीन वाढ रोखतं. "ऍक्सिलरेटर नव्हे, ब्रेक! चुकीचं सांगितलं होतं, माफ करा."

वाणी म्हणाला, "कुठली गाडी, शेठ?"

पारूबाई म्हणाली, "माझ्या पाटीला दोनी नाय. पापलेट हाय."

मीच घाबरलो. साकीनाक्याच्या अख्ख्या स्टँडवर मी ऍक्सिलरेटर सांगून बसलो होतो. "साहेब, माझी वाट लागली ना!"

"जा, त्यांनाही सांग. पण आधी मला जरा फिरव."

ते नेहमीसारखे उजव्या कडेला बसले. डावी बाजू रिकामी. सांताक्रूझकडे वळताना मागून आवाज आला, "ब्रेक निकामी झाला होता गं. तू काही केलं नव्हतंस."

मी 'सध्या तरी'ची वाट पाहिली. आलं नाही.

माझी रिक्षा फार फटफटायची. मी ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

मग डॉक्टरांनी तेच पुन्हा सांगितलं, सावकाश.